आधी विचारपूस, मग नाव

सिंह मी पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे केवळ सिंहासाठी वाचायला बसलेल्यांचा वेळ वाचेल. आफ्रिकेहून परत आल्यापासून इथे मिनेसोटात, आमच्या ईडन प्रेरी गावात, मला जो भेटतो तो आधी सिंहाचंच विचारतो. गेल्या रविवारच्या पॉटलकला एका काकूंनी तर माझ्या पानात मसालेभात वाढता वाढता हात थांबवला आणि म्हणाल्या, "सिंह नाही, हत्ती नाही, मग इतके दिवस तिथे जाऊन केलंस काय गं?"

केलं ते असं. दार-ए-सलाममधल्या एका जुन्या हॉस्पिटलात पेशंटची नोंदणी वहीतून उचलून कॉम्प्युटरवर आणली. एका वाक्यात सांगितलं की फार सोपं वाटतं. काकूंनाही तसंच वाटलं आणि त्या भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे गेल्या. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहायला बसले आहे.

मी मूळची नागपूरची. आमची इथली कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि कित्येक वर्षं मी तिथे सपोर्टमध्ये होते. म्हणजे दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या घोळांचे फोन घ्यायचे आणि शांत आवाजात माफी मागायची. दार-ए-सलामचं हे काम म्हणजे माझ्या एकटीच्या नावावर आलेला पहिला प्रोजेक्ट. माझा मॅनेजर मिलिंद मूळचा पुण्याचा. त्यानं मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "स्वाती, धिस इज युअर शो. पण एक सांगतो, ट्रायल संपल्यावर क्लायंट नो म्हणाला ना, तर पुढचं लीड मी तुला नाही देऊ शकणार यार. वरून प्रेशर आहे."

हॉस्पिटलची अटही साधी होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी कळवलं होतं की महिन्याभराची ट्रायल घ्या, शेवटी नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या बायकाच काय ते ठरवतील. त्यांना पटलं तर कॉम्प्युटर राहतील, नाही पटलं तर खोक्यात भरून परत जातील. मला ही अट ऐकून हसूच आलं होतं. वही सोडून कॉम्प्युटर कोणाला नको असेल, असं मला वाटत होतं.

उपांगा

निघाले तेव्हा आमच्या ड्राइव्हवेत कमरेएवढा बर्फ होता आणि संजय, माझा नवरा, फावड्यानं गाडीपुरती वाट करत होता. उतरले तिथे हवेला खाऱ्या पाण्याचा आणि नारळाच्या दुधाचा वास होता. विमानतळावर जाड कोट काढून हातावर घेतला, तो परतीच्या दिवसापर्यंत कपाटातच लटकत राहिला.

उपांगा हा समुद्राजवळचा जुना भाग. तिथे जयाबेन नावाच्या गुजराती बाईंच्या घरात वरची खोली माझ्यासाठी घेतलेली होती. जयाबेनचा जन्म तिथलाच. वय सत्तरीच्या आसपास, पाच भाषा तोंडात आणि एकीतही कोणाची भीडभाड नाही. माझ्याशी त्या हिंदीत बोलायच्या. पहिल्या सकाळी त्यांनी माझ्यापुढे ताटली ठेवली. तिच्यात गोल, फुगीर, कडेनं खरपूस झालेले आप्पेच होते! तांदूळ भिजवून वाटायचे, नारळाच्या दुधात आंबवायचे, वेलची घालायची आणि खळग्यांच्या पात्रात तळायचे. तिथे त्यांना वितुंबुआ म्हणतात आणि सकाळी रस्त्याच्या कडेला बायका ते करून विकतात. मी स्वयंपाकघरात जाऊन पात्र उलटं करून पाहिलं. अगदी माझ्या आईकडे आहे तसंच.

मग हा खेळच सुरू झाला. बाजारात मचिचा म्हणून जुडी मिळते, ती आपली माठाची भाजी. ईडन प्रेरीत मी दर उन्हाळ्यात मोठ्या हौसेनं माठाचं बी पेरते आणि दर उन्हाळ्यात ससे माझ्याआधी भाजी खाऊन जातात. इथे टोपल्याच्या टोपल्या भरलेल्या. कोशिंबिरीला कचुंबरी, दुकानाला दुका, चहाला चाय. कोळशावर भाजलेल्या मोगोच्या फोडी तिखटमीठ लावून, लिंबू पिळून कागदात देतात. मोगो म्हणजे तो कंद ज्याचा आपण साबुदाणा करतो, हे कळल्यावर मी एकादशीचा उपासही न धरता रोज खाल्ला. घरी फोन केला की लेक विचारायची, "आई, डिड यू सी अ जिराफ?" मी म्हणायची, "नाही गं ईशा, पण आप्पे खाल्ले." मग ती फोन बाबाकडे द्यायची.

सगळं असं घरच्यासारखं वाटू लागल्यामुळे मला भ्रम झाला की इथे मला काही शिकायचं उरलेलं नाही. तो भ्रम शहाळेवाल्यानं फोडला.

तो जयाबेनच्या फाटकाशी सायकलला शहाळ्यांचे घड लटकवून उभा असायचा. मी गेले, बोट दाखवलं, विचारलं, "हाउ मच?" त्यानं माझ्या डोक्यावरून पलीकडच्या झाडाकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं. तेवढ्यात एक गृहस्थ आले. दोघांचं बोलणं सुरू झालं, चाललं, चालतच राहिलं, हशा पिकला, मग सावकाश शहाळं फोडलं गेलं. मी आवाज चढवला. शहाळेवाल्यानं दुसरं गिऱ्हाईक घेतलं. मी तापलेल्या डोक्यानं परत फिरले, तर वरच्या गॅलरीत जयाबेन कठड्याला धरून हसत होत्या.

"बेटा, तूने उसको पूछा, घर में सब कैसे हैं?"

"मैं नारियल लेने गयी थी जयाबेन, रिश्ता जोड़ने नहीं."

"तो फिर प्यासी रह," म्हणाल्या आणि आत गेल्या.

नंतर चहा पिताना त्यांनी समजावलं. इथे कोणाशीही, कसल्याही कामाचं बोलायच्या आधी विचारपूस करायची. सकाळ कशी गेली, घरी कसे आहेत, कामधंदा कसा आहे, मुलंबाळं कशी आहेत. उत्तर ठरलेलं, छान. घराला आग लागलेली असली तरी आधी छान म्हणायचं आणि मग आगीचं सांगायचं. वयानं मोठं माणूस असेल तर आधी 'शिकामू' म्हणायचं, म्हणजे आपल्या नमस्कारासारखंच. त्यांनी 'मराहबा' म्हणून तो स्वीकारला की पुढचं बोलायचं. मिनेसोटात आपण चालता चालता 'हाउ आर यू' म्हणतो आणि उत्तर यायच्या आत दोघंही पार्किंग लॉटच्या दोन टोकांना पोचलेले असतो. मला ती सवय इतकी अंगवळणी पडली होती की ही सगळी पद्धत मला हौशी लोकांचा वेळकाढूपणा वाटली. शहाळ्यापुरती मी ती पाळू लागले. हॉस्पिटलात मात्र पाळली नाही.

खिडकी

हॉस्पिटल बैठं, पांढऱ्या भिंतींचं, मधल्या चौकात आंब्याचं मोठं झाड. झाडाखाली बाकांवर पेशंट, त्यांचे नातेवाईक, डबे, चटया. समोर नोंदणीची खिडकी आणि खिडकीत मामा झुहुरा.

तिथे आईला मुलाच्या नावानं ओळखतात. झुहुराची आई म्हणून मामा झुहुरा. त्या हिशेबानं मी पहिल्याच दिवशी मामा ईशा झाले. मामा झुहुरा अंगानं भरदार, डोक्याला निळंपिवळं कापड गुंडाळलेलं, चष्मा साखळीला लटकवलेला. सगळं हॉस्पिटल आपण बांधून इतरांना वापरायला दिलंय अशा थाटात त्या खुर्चीत बसत. त्यांच्या शेजारी नीमा ही कॉलेजातून नुकतीच आलेली मुलगी. मामा झुहुरांना इंग्रजी नीट समजायचं, पण बोलायचं की नाही हे त्या माणूस पाहून ठरवत. माझ्याशी पहिले दोन दिवस त्यांनी स्वाहिलीतूनच बोलायचं ठरवलं आणि नीमा मला ते इंग्रजीत सांगायची.

शिकवायला मला दोन दिवस लागले. दोघी झटकन शिकल्या. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडली आणि माझा प्रोजेक्ट बुडायला लागला.

एक आजोबा आले. मामा झुहुरांनी उठून शिकामू केलं. आजोबांनी मराहबा म्हटलं. मग सकाळ कशी, प्रवास कसा झाला, घरी कोण आजारी, पीकपाणी, नातवंडं. आमच्या सॉफ्टवेअरला मात्र एक खोड होती. जरा वेळ कोणी टाइप केलं नाही की स्क्रीन आपोआप बंद व्हायची आणि अर्धवट भरलेली माहिती पुसली जायची. अमेरिकेत हे हवंच असतं. क्लार्क उठून कॉफी आणायला गेली तर एकाची माहिती दुसऱ्यानं वाचू नये. इथे क्लार्क कुठेही गेलेली नव्हती. ती फक्त माणसाशी बोलत होती. आजोबांचं नातवंडांपर्यंत येईतो स्क्रीन काळी. पुन्हा पासवर्ड, पुन्हा पहिल्यापासून. आजोबा बिचारे नम्रपणे पुन्हा सकाळपासून सुरू करायचे.

चार पेशंट असे झाल्यावर मामा झुहुरांनी एका बोटानं मॉनिटर बाजूला सरकवला, मोठी वही ओढली आणि पेन उघडलं. दुपारपर्यंत आंब्याखालच्या बाकांवर जागा उरली नव्हती.

मी काय करावं? मी मोठा कागद घेतला, नीमाकडून स्वाहिलीत लिहून घेतलं, 'कृपया आधी नाव, वय आणि पत्ता सांगा', आणि खिडकीवर चिकटवला. मामा झुहुरांना म्हटलं, "तुमची विचारपूस नंतर करा ना. आधी नाव घ्या."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच माझ्याशी इंग्रजीत बोलल्या. "मामा ईशा, तुझ्या घरी माणूस आला की तू दारातच त्याला वय विचारतेस?"

मला ते पटलं नाही. मनात म्हटलं, घर वेगळं आणि हॉस्पिटल वेगळं. दुसऱ्या दिवशी आले तर तो कागद चार घड्या घालून मामा झुहुरांच्या हातात होता आणि त्या त्यानं वारा घेत होत्या. उकाडा होताच म्हणा.

ट्रायलचे दिवस सरत चालले होते. मी रोज कॉम्प्युटर चालू करायची, त्या रोज वही उघडायच्या. नीमा माझ्याकडे पाहून कसनुसं हसायची. संजय फोनवर म्हणायचा, "अगं, नाही झालं तर नाही झालं, परत ये." त्याचं ते समजूतदार बोलणं ऐकून मला आणखीच रडू यायचं. पुन्हा त्या सपोर्टच्या खुर्चीत बसून शांत आवाजात माफी मागायची मला मुळीच इच्छा नव्हती.

दालादाला

दालादाला म्हणजे तिथल्या छोट्या बस. कंडक्टर दारात अर्धा बाहेर लटकतो, मुठीतल्या नाण्यानं पत्र्यावर टकटक करतो आणि त्या टकटकीवर बस थांबते नि सुटते. माणसं इतकी भरतात की उतरायची तयारी दोन स्टॉप आधीपासून करावी लागते. मला ते जमू लागलं होतं. जमू लागलं म्हणूनच आपटले. एक पाय रस्त्यावर, एक पायरीवर, हातात लॅपटॉपची बॅग, आणि टकटक झाली.

पाय मुरगळून मी धुळीत बसले. क्षणात भोवती माणसं. जो येईल तो म्हणे, "पोले, पोले." म्हणजे तुझ्या त्रासाचं वाईट वाटलं. ज्यांचा काडीचा दोष नव्हता ते सगळे म्हणत होते. एका बाईनं आपल्या खांद्यावरचं रंगीत कापड फाडून माझ्या घोट्याला आवळून बांधलं, नको नको म्हणेपर्यंत बांधूनही झालं. मोगो विकणाऱ्यानं पाणी दिलं. मग दोघांनी मला धरून समोरच्याच हॉस्पिटलात नेलं, जिथे मी चालले होते तिथेच. फक्त आता मी कॉम्प्युटरवाली नव्हते, पेशंट होते.

आंब्याखाली बाकावर माझा नंबर येईपर्यंत बसले. घोटा ठणकत होता. परक्या गावात हाड मोडलं तर काय, ईशाला कसं सांगायचं, असलं सगळं डोक्यात फिरू लागलं. भीती वाटत होती, अगदी लहान मुलासारखी.

खिडकीशी पोचले. मामा झुहुरांनी माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि वही मिटली. माझ्यावर उपकार म्हणून असेल, पण त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला.

"मामा ईशा, सकाळ कशी आहे?"

"छान," मी म्हणाले आणि माझे डोळे भरून आले.

"पोले. घरी कसे आहेत? ईशा कशी आहे? तिचे बाबा? रात्री झोप लागली होती? तुझ्या जयाबेन कशा आहेत? आज तुझ्याबरोबर कोण आलंय? नाही कोणी? मग मी आहे. कुठे पडलीस? याआधी कधी हा पाय दुखावला होता?"

एकेक उत्तर देताना माझा श्वास शांत होत गेला. ठणका होताच, पण भीती पार निघून गेली. आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळी झाली. माझ्याच सॉफ्टवेअरनं मला हाकलून दिलं होतं.

मला हसू फुटलं. रडता रडता मी इतकी हसले की मागच्या बाकावरची माणसंही हसू लागली. मामा झुहुरांनी वही उघडली. पण मला आता दिसलं होतं. राहायला कुठे, घरी कोण, बरोबर कोण, काय झालं, आधी कधी झालं होतं का. आमच्या स्क्रीनवर जे जे विचारलं होतं, ते सगळं त्या विचारपुशीत येऊन गेलं होतं. नाव आणि वय तेवढं शेवटी राहिलं होतं. विचारपूस ही नोंदणीच्या आड येत नव्हती, नोंदणी तिथेच चालली होती. आडवा आला होता तो आमचा क्रम आणि आमची घाई.

हाड मोडलं नव्हतं. पट्टी बांधून, लंगडत जयाबेनच्या घरी आले आणि थेट फोनकडे गेले. स्क्रीन आपोआप बंद होऊन माहिती पुसते ते थांबव आणि नाव-वय शेवटी घे, असं मिलिंदला सांगायचं होतं.

मिलिंदशी भांडण

"अगं, टाइमआउट सगळ्या क्लायंट्सना सेम आहे," मिलिंद म्हणाला. "सिक्युरिटीचा इश्यू आहे तो. तुझ्या एकटीसाठी वेगळं व्हर्जन काढता येणार नाही."

"टाइमआउट कशासाठी आहे? दुसऱ्यानं स्क्रीन वाचू नये म्हणून ना? मी टेबल फिरवून घेते. स्क्रीनचं तोंड भिंतीकडे, मामा झुहुरांच्या पाठीशी भिंत. तिथे पाल सोडून कोणी वाचणार नाही. स्क्रीन लॉक कर हवी तर, पण भरलेली माहिती पुसू नकोस."

"आणि फील्ड्सचा ऑर्डर कशाला चेंज करायचा?"

"मिलिंद, तुझ्या दारात माणूस आला तर तू आधी काय विचारतोस?"

"काय काम आहे, ते विचारतो."

"पुण्यातला ना तू. चुकीच्या माणसाला विचारलं मी."

तो हसला, पण ऐकेना. मग मी भांडले. नागपुरी आवाजात, सपोर्टचा शांत आवाज गुंडाळून ठेवून भांडले. म्हटलं, हे लीड माझं आहे ना, मग हा निर्णय माझा. चुकला तर माझ्या नावावर लाव. जयाबेन दारात उभ्या राहून कौतुकानं ऐकत होत्या. त्यांना मराठी समजत नव्हतं, पण भांडण छान समजत होतं.

शेवटी तो म्हणाला, "ओके. पण फेल झालं ना स्वाती, तर मी तुला सेव्ह नाही करू शकणार."

शनिवार-रविवार ऑफिसात कोणी नव्हतं, तर त्यानं स्वतः बसून ते व्हर्जन तयार केलं. पुण्याच्या माणसांविषयी मी पुढेमागे काही बोलले तर मला याची आठवण करून द्यावी. इकडे ते इंटरनेटवरून उतरवून घेताना वीज गेली, पुन्हा उतरवायला घेतलं, पुन्हा गेली. मधल्या वेळात जयाबेननी मला नारळाच्या दुधातला राजमा खाऊ घातला. राजमा संपला तेव्हा फाइल पूर्ण आली होती.

सोमवार

सोमवारी गर्दी सगळ्यात मोठी. मी लंगडत जाऊन टेबल फिरवून घेतलं आणि खिडकीपाशी गेले. यंत्राबद्दल एक अक्षर न काढता म्हटलं, "शिकामू, मामा झुहुरा." त्यांनी मराहबा म्हटलं. मग सकाळ, घर, झुहुराची शाळा, माझा पाय. सगळं झाल्यावर मी विचारलं, "आज एकदा बघाल का?" त्या म्हणाल्या, "बघते."

पहिला पेशंट खाडीपलीकडून फेरीबोटीनं आलेला म्हातारा कोळी. "घरी कसे आहेत? कुठल्या वस्तीवर? बरोबर कोण, सून का?" मामा झुहुरा विचारत होत्या आणि एका बोटानं एकेक कळ दाबत होत्या. स्क्रीनवर वस्ती आली, सून आली, खोकला कधीपासून तेही आलं. कोळीबाबांनी समुद्राची, माशांची, जावयाची हकीकत सांगितली. मी स्क्रीनवर डोळे लावून उभी. स्क्रीन थांबली होती, जशी भली माणसं थांबतात तशी. जावयाचं संपल्यावर मामा झुहुरांनी विचारलं, "आणि बाबा, नाव काय लिहू?" नाव, वय, झालं.

पुढचा. त्याच्या पुढचा. मध्येच पंखा थांबला, दिवे गेले. स्क्रीन बॅटरीवर तेवत राहिली. मामा झुहुरांनी पंख्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि पुढच्या बाईला विचारलं, "सकाळ कशी आहे?" बाकं रिकामी होऊ लागली. दुपारी नीमा चहा प्यायला जाऊ शकली. सोमवारी असं कधी झालं नव्हतं, असं तिनंच सांगितलं. माझ्या पायातला ठणका मला त्या दिवशी आठवलाही नाही.

आठवड्याच्या शेवटी निर्णयाचा दिवस आला. मोठे डॉक्टर दोन पाहुण्यांना घेऊन खिडकीशी आले. चौकातली माणसंही काय चाललंय म्हणून जवळ सरकली. डॉक्टरांनी विचारलं, "मामा झुहुरा, मग? मशीन ठेवायचं की पाठवायचं?"

मामा झुहुरांनी चष्मा काढला. "डॉक्टर, सकाळ कशी आहे?"

डॉक्टर चपापले. "छान, छान."

"घरी कसे आहेत? मोठ्या मुलाची परीक्षा झाली? आईंचा गुडघा?" मग पाहुण्यांकडे वळून त्यांचा प्रवास, त्यांची घरं, त्यांची मुलं. पाहुणे घड्याळ बघायच्या बेतात होते, पण बघेनात. महिन्यापूर्वी मी तिथे नखं खात उभी राहिले असते. आता मी झाडाला टेकून मजेत ऐकत होते, जरी माझं सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं.

विचारपूस संपली. मामा झुहुरांनी शेजारच्या वह्यांच्या ढिगाकडे बोट केलं.

"ते वह्यांचं टेबल इथून हलवा. माझ्या खुर्चीला जागा पुरत नाही."

चौकात टाळ्या पडल्या. नीमानं मला मिठी मारली, मी तिला घेऊन एका पायावर गोल फिरले. जिंकले! इतक्या वर्षांत माझ्या एकटीच्या नावावर काही जिंकले होते. मामा झुहुरांनी मला हाक मारून सांगितलं की एवढं उड्या मारण्यासारखं काही नाही, पाय पुन्हा मुरगळेल. पण त्याही हसत होत्या.

घरी आले तेव्हा ईडन प्रेरीत सकाळ झाली असणार होती. मिलिंदनं पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"बोल. यस की नो?"

"मिलिंद, नमस्कार. सकाळ कशी आहे?"

"अगं स्वाती, यस की नो?"

"घरी कसे आहेत सगळे? पुण्याला आई कशा आहेत?"

पलीकडे त्यानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं गं मागच्या महिन्यात. मला कळवलंच नाही तिनं. ताईकडून कळलं. म्हणाली, तू उगाच तिकीट काढून येशील." आणि मग तो बोलतच राहिला. आईच्या डोळ्यांविषयी, न काढलेल्या तिकिटाविषयी, आता मे महिन्यात जाणारच असं ठरवल्याविषयी. इतकी वर्षं आम्ही एका मजल्यावर काम केलं आणि यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मी ऐकत राहिले.

शेवटी त्यालाच आठवलं. "अरे, ते राहिलंच की! यस की नो?"

"यस," मी म्हणाले.

पलीकडून अशी आरोळी आली की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. जयाबेन हातात कालथा घेऊन स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"क्या हुआ? मॅच जीत गये क्या?"

"हाँ जयाबेन," मी म्हटलं, "जीत गये."